दिलेला होकार मागे घेताना

पुण्याच्या एका वाचक भगिनींनी हैदराबादच्या कंपनीचा वार्षिक १८.५ लाखांचा प्रस्ताव सही करून स्वीकारला आणि सव्वाचार वर्षांच्या नोकरीचा राजीनामाही दिला. मुलाखतीत ‘पुण्यातूनच काम करा’ असे तोंडी सांगितले गेले होते. आता आठवड्यातले चार दिवस हैदराबादच्या कार्यालयात हजेरी हवी, असे कळवले आहे. इकडे जुनी कंपनी १४ लाखांवरून १६ लाख देऊन थांबवू पाहते आहे. पतीची नोकरी आणि मुलीची शाळा पुण्यातच आहे. दिलेला होकार मागे घेणे परवडेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते परवडेल. मात्र आधी काय करायचे आणि नंतर काय, हा क्रम चुकता कामा नये.

दोन प्रस्तावांत दिसणारा अडीच लाखांचा फरक फसवा आहे. हैदराबादच्या १८.५ लाखांपैकी २ लाख कामगिरीवर अवलंबून आहेत. ते पूर्ण मिळाले असे धरले, तरी कर वजा जाता जेमतेम दोन लाख जास्तीचे हातात पडतील. तिथली खोली, जेवण आणि पुण्याच्या खेपा यांचा खर्च आपणच महिना २८,००० रुपये काढला आहे, म्हणजे वर्षाला ३,३६,००० रुपये. शिवाय आणखी नऊ महिन्यांनी आपली पाच वर्षे पूर्ण होऊन ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्क मिळेल. महिन्याचा वाढीव मूळ पगार ६०,००० धरून, त्याचे २६ भाग करून, एका भागाला १५ दिवस आणि ५ वर्षे यांनी गुणल्यास ती सुमारे १,७३,००० रुपये होते. ही रक्कम सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण वार्षिक पगारात, दरवर्षी दाखवली जाते, पण पाच वर्षांआधी राजीनामा देऊन गेल्यास सहसा पदरात पडत नाही, हे पुष्कळांना नोकरी सोडतानाच कळते.

आता नकाराची किंमत पाहू. मनाविरुद्ध रुजू व्हा, असे न्यायालय सांगत नाही. आपल्या स्वीकारपत्रात मात्र रुजू न झाल्यास स्थलांतराची ४०,००० रुपयांची उचल परत करणे आणि एका महिन्याचा मूळ पगार, म्हणजे ६२,००० रुपये भरणे, अशी अट आहे. उचल त्यांचीच आहे. ती न मागता परत करावी. उरलेल्या ६२,००० बद्दल करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार लिहिलेल्या आकड्याच्या आत राहून वाजवी तेवढीच भरपाई मागता येते. कामाच्या ठिकाणाची अट त्यांच्याकडूनच बदलली असल्याने त्यांनी ही भरपाई सोडून द्यावी, अशी विनंती अवश्य करावी. (ते तोंडी आश्वासन एखाद्या ईमेलमध्ये सापडले तर फारच उत्तम.) समजा पूर्ण भरावी लागली, तरी ती हैदराबादच्या सव्वादोन महिन्यांच्या खर्चाएवढीच आहे.

खरी जोखीम जुन्या कंपनीकडे आहे. राजीनामा मागे घेतल्याची लेखी मंजुरी आणि सुधारित पगाराचे पत्र हाती येईपर्यंत हैदराबादला काहीही कळवू नये, नाहीतर दोन्ही नोकऱ्या हातच्या जातील. सेवा अखंड धरली जाईल, हे त्या पत्रात असावे. पुढच्या एप्रिलची वेतनवाढ यातच धरली आहे का, हेही विचारून घ्यावे. बहुतेकदा धरलेली असते, आणि तसे असल्यास १६ लाखांऐवजी १६.७५ मागायला संकोचू नये.

पत्रे मिळाली की त्याच दिवशी नव्या कंपनीच्या एचआरला आधी फोन आणि लगेच ईमेल करावा. रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात कळवलेला नकार त्यांना झोंबतो, कारण तोवर दुसरे उमेदवार निघून गेलेले असतात. ईमेलमध्ये जुन्या कंपनीच्या वाढीव पगाराचा उल्लेख नको, ‘कामाच्या ठिकाणात झालेला बदल कौटुंबिक कारणांमुळे मला शक्य नाही, त्यामुळे स्वीकारलेला प्रस्ताव मी खेदपूर्वक मागे घेत आहे, उचल आणि लॅपटॉप कसा परत करावा, ते कळवावे’ एवढे पुरे. नव्या कंपनीकडून आलेला, कपाटात ठेवलेला तो लॅपटॉप खोक्यासकट, सील न उघडता, फोटो काढून कुरिअर करावा. उचल बँकेतूनच परत करावी आणि काहीही येणे बाकी नसल्याचे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. तोवर ६२,००० रुपये बचत खात्यात वेगळे ठेवावेत.