नुसते सीसी बघून एटीव्ही घेऊ नकोस

एटीव्ही म्हणजे कच्च्या, खडबडीत वाटांवर चालवायची हँडलवाली चारचाकी. तिचे सीसी म्हणजे इंजिनातल्या सिलिंडरचं आकारमान, ताकद नव्हे. ४५० सीसीचं स्पोर्ट मशीन हॉर्सपॉवर जास्त दाखवतं, पण ती मिळते वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना. त्याच मापाचं युटिलिटी मशीन कागदावर कमजोर दिसतं, तरी चिखलात ट्रेलर निवांत ओढतं, कारण त्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, खालच्या आरपीएमलाच मिळतो. म्हणून आधी काम ठरव: ओढायचंय की पळवायचंय?

वजनही बघ. मोठं इंजिन म्हणजे बहुधा जड गाडी, आणि तीनशे किलोचं धूड चढावर उलटलं तर हॉर्सपॉवर काय कामाची! शिकायला २५० ते ४०० सीसी पुष्कळ. मीही सुरुवातीला मोठंच घेतलं होतं. थ्रॉटलला हात लावायची भीती वाटायची. आणि हो, लहान मुलांना मोठ्यांच्या एटीव्हीवर बसवू नकोस, त्यांची मशीनं वेगळी असतात.