उपग्रह खरा की मॉडेल?

प्रश्न: मी चंद्रपूरची, एमएस्सी करतेय. आमच्या २९२० मेगावॉटच्या वीज केंद्रावर मी चालवलेलं डब्ल्यूआरएफ-केम मॉडेल (हवामान आणि हवेतलं प्रदूषण यांचं गणित मांडणारं संगणकी मॉडेल) नायट्रोजन डायऑक्साइड (एनओटू) बराच जास्त दाखवतं, हवेतले वायू टिपणारा सेंटिनेल-५पी उपग्रह कमी दाखवतो. मॉडेल चुकलं म्हणायचं का?
- एक वाचक

उत्तर: ताई, इतक्यात मॉडेलला नापास करू नका. आधी सांगा, मॉडेलची सरासरी कुठली घेतलीत? चोवीस तासांची असेल तर तुलना तिथेच फसली, कारण हा उपग्रह आपल्याकडून दुपारी दीडच्या सुमारास जातो आणि कडक उन्हात एनओटू भराभर फुटतो, काही नायट्रिक आम्ल होऊन जातो, मग आकडा कमी येणारच. ढगाळ दिवशी त्याला खालचं दिसतच नाही, ते दिवस मॉडेलमधूनही काढा (उपग्रहाच्या चित्रातला प्रत्येक चौकोन म्हणजे पिक्सेल; त्याच्या दर्जाचा आकडा, म्हणजे क्यूए व्हॅल्यू, ०.७५ च्या वर असेल तेच घ्या). पिक्सेल ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा, तुमच्या मॉडेलचा ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, त्याहून बारीक असेल तर आधी तेवढ्या जागेवर सरासरी करा.

पण खरी गोम पुढेच आहे. उपग्रह वायू थेट मोजत नाही, खालून परत आलेला प्रकाश मोजतो, आणि जमिनीलगतचा वायू त्याला कमी दिसतो. ते भरून काढायला कुठल्या उंचीवर किती वायू असेल याचा अंदाज टीएम५ या जागतिक मॉडेलमधून घेतात, आणि त्याचा चौकोन १ अंशाचा, म्हणजे १०० किलोमीटरहून मोठा! तुमच्या केंद्राच्या धुराच्या चिमण्या, आजूबाजूची शेती, जंगल, सगळं त्यात एकत्र कालवलं जातं आणि चिमण्यांवरचा आकडा दबतो. म्हणून उपग्रहाच्या डेटा फाइलमधे ॲव्हरेजिंग कर्नल (कुठल्या उंचीवरचा वायू उपग्रहाला किती दिसतो ते सांगणारे आकडे) दिलेला असतो, तो मॉडेलच्या प्रत्येक थराला लावूनच बेरीज करा. ही पायरी बरेच जण गाळतात, प्लीज गाळू नका.

एवढं करूनही मॉडेल जास्तच आलं तर उत्सर्जनाची इन्व्हेंटरी, म्हणजे कोण किती धूर सोडतं याची मॉडेलला दिलेली यादी, उघडा. केंद्राचे २१० मेगावॉटचे दोन जुने संच केव्हाच बंद झालेत, तुमच्या इन्व्हेंटरीत ते अजून धूर सोडतायत का बघा.

आणि हो, उपग्रहाशी जुळलं म्हणजे नाकापाशीची हवा जुळली असं नाही. थंडीत सकाळी पोरं शाळेत निघतात तेव्हा धूर खालीच कोंडलेला असतो आणि उपग्रह तेव्हा डोक्यावर नसतोच, त्यासाठी जमिनीवरच्या स्टेशनचे तासातासाचे आकडेच घ्यावे लागतील.