'द स्कार्लेट लेटर' पहिल्यांदा वाचताना

सुरुवातीचं 'कस्टम हाउस' हे लांबलचक प्रकरण जड गेलं तर खुशाल बाजूला ठेव, नंतर वाच. नॅथॅनिएल हॉथॉर्नची १८५० सालची ही कादंबरी खरी उभी आहे ती बॉस्टनमधल्या शिक्षेच्या चौथऱ्यावर. तो तीनदा येतो. दर वेळी तिथे कोण उभं आहे, उजेड किती आहे आणि बघायला कोण आहे, एवढं वहीत टिपून ठेव. व्यभिचारासाठी शिक्षा झालेली नायिका हेस्टर भरदिवसा गर्दीसमोर उभी राहते. तिच्या पापातला गुप्त भागीदार, पाद्री डिम्सडेल, चढतो तो रात्री, गाव झोपलेलं असताना. तिची लाज छातीवरच्या लाल 'A' अक्षरातून सगळ्यांना दिसते, त्याचा अपराध आतून पोखरतो. मला तर त्याचीच शिक्षा जास्त भयंकर वाटते. आणि हो, हॉथॉर्नचे पूर्वज जॉन हॅथॉर्न १६९२च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होते. हे ध्यानात ठेवून मग 'कस्टम हाउस'कडे परत ये.