कादंबरी वाचताना अडलेला प्रत्येक शब्द कोशात पाहावा का?

ऐतिहासिक कादंबरी हातात घेतली की पानागणिक चार-पाच शब्द अडतात आणि दर वेळी कोश काढला तर गोष्ट निसटते, असं तुम्ही म्हणता. मग काढूच नका, निदान लगेच तरी नको.

मला ही सवय हुतात्मा एक्स्प्रेसनं लावली. सोलापूर ते पुणे चार तास मोकळे, आणि तेव्हा फोनात कोश नव्हता. एकदा ‘मुदपाकखाना’ आला. पुढच्याच ओळीत धूर, हंडे, पंगतीची घाई. ‘खाना’ म्हणजे जागा, हे कारखाना-दवाखान्यामुळे माहीत. ‘पाक’ स्वयंपाकातला. म्हणजे वाड्यातलं स्वयंपाकघर! अर्थ बरोबर निघाला, पण घरी येऊन पाहिलं तर मूळ अरबी ‘मत्बख’. आपल्या पाकाशी त्याचं नातंच नाही. खरं काम धुरानं आणि हंड्यांनी केलं होतं.

उलटंही झालं. आमच्या शेजारी उर्दू बोलणारं कुटुंब, त्यामुळे ‘शिकस्त’ म्हणजे हार हे लहानपणापासून कानावर. ‘किल्लेदारानं शिकस्त केली’ वाचलं आणि बिचारा हरला म्हणून हळहळले. दोन पानांनी हा गडी तटावर लढतोच आहे! मराठीत शिकस्त म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. मूळ फारसी, अर्थ मात्र इथला.

तरी मुळं शोधायची मजा सोडू नका. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा हे एकदा कळलं की चिटणीस, फडणीस, पोतनीस सगळे ओळीनं कारकून होऊन बसतात. सोलापुरात तर कानडीही फुकट मिळते. सुपारीला ‘अडकी’ म्हणताना ऐकलं, तेव्हा आजीच्या चंचीतला अडकित्ता कुठून आला ते उमगलं. (तेलुगू कानावर असूनही मला त्याचा असा उपयोग अजून करता आलेला नाही.)

जो शब्द तीनदा भेटूनही तोंड उघडत नाही, तेवढाच मी चिठ्ठीवर टिपते. पुस्तक वाचनालयाचं असतं, पेन्सिल लावायची नाही. रात्री दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडते. फारसी वास आला तर माधव जूलियनांचा १९२५ सालचा ‘फार्सी-मराठी कोश’. चिठ्ठीवर एका कादंबरीमागे दहा-बारा शब्दच उरतात.