फक्त एमआरआयवरून मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान होते का?

नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते आणि तिथे चट्टे पडतात; पण एमआरआयच्या अहवालात ‘पांढरे ठिपके’ आले एवढ्यावरून हे निदान करता येत नाही, कारण तसे ठिपके अर्धशिशी, उच्च रक्तदाब किंवा निव्वळ वाढत्या वयामुळेही दिसतात. या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार (हे निकष त्यानंतर सुधारले गेले आहेत), रुग्णाला या आजाराला साजेसा झटका, म्हणजे लक्षणांचा अचानक उद्रेक, आलेला असताना, मेंदूतील द्रवपोकळ्यांलगत, मेंदूच्या बाह्य थरात किंवा त्याला चिकटून, मेंदूस्तंभ व लहान मेंदूच्या भागात आणि मज्जारज्जूत, या चारपैकी किमान दोन ठिकाणी चट्टे असावे लागत. शिवाय ते वेगवेगळ्या वेळी उमटल्याचे दिसावे लागे. गॅडोलिनियम या एमआरआयमध्ये उठून दिसणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन दिल्यावर ताजे चट्टे उजळतात, जुने उजळत नाहीत. दोन्ही प्रकार एकाच तपासणीत आढळले, तर पुढच्या एमआरआयसाठी थांबावे लागत नसे. पाठीतील पाण्याच्या तपासणीत ऑलिगोक्लोनल बँड (प्रतिपिंडांचे विशिष्ट पट्टे) सापडले तरी ही वेगवेगळ्या वेळेची अट भागत असे. द्रवपोकळ्यांशी काटकोनात असलेले लांबट चट्टे, म्हणजेच ‘डॉसनची बोटे’, मात्र अनुभवी डोळ्याला बरेच काही सांगून जातात. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे नुसता अहवाल नव्हे, तर मूळ फिल्म किंवा सीडीही न्यावी. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे मुख्यतः दृष्टिचेता व मज्जारज्जूवर परिणाम करणारा मिळताजुळता पण वेगळा आजार, वगळणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची इंटरफेरॉनसारखी औषधे त्या आजारात अपायकारक ठरू शकतात.