ओलान्झापिन सुरू झाल्यापासून मुलाचे वजन १४ किलोने वाढले आहे आणि वाचलेले लक्षात राहत नाही. गोळ्या बंद कराव्यात का?

आपल्या प्रश्नातून जे समजले ते असे: २३ वर्षांच्या आपल्या मुलाला आठ महिन्यांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले, कानात येणारे आवाज आता थांबले आहेत, पण वजन ६२ किलोवरून ७६ वर गेले आहे आणि अभ्यासाला बसल्यावर तेच पान त्याला पुन्हा पुन्हा वाचावे लागते. चिठ्ठीवर रात्री ओलान्झापिन १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा ट्रायहेक्सीफेनिडिल २ मिलिग्रॅम आणि झोपताना क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम आहे.

मी डॉक्टर नाही. रुग्णालयाच्या औषध खिडकीवर काम करणारी फार्मासिस्ट आहे आणि मनोविकार विभागाच्या चिठ्ठ्या रोज माझ्या हातून जातात. पहिली विनंती अशी की, यातील एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. औषध थांबवल्यावर आजार बहुधा लगेच उलटत नाही. काही आठवडे, कधी काही महिने रुग्ण ताजातवाना दिसतो, घरच्यांना वाटते की गोळ्यांची गरजच नव्हती, आणि मग आवाज परत येतात. तरीही आपली तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि ती डॉक्टरांपुढे स्पष्टपणे मांडलीच पाहिजे. फक्त 'औषधांचा त्रास होतो' असे मोघम सांगण्याऐवजी कोणत्या गोळीने काय होत असावे, हे वेगवेगळे करून विचारावे.

वजनाचा मोठा वाटा ओलान्झापिनचा आहे. आवाज, भ्रम आटोक्यात आणणाऱ्या मनोविकारविरोधी वर्गातील औषधांत वजन सर्वाधिक वाढवणारी दोन औषधे म्हणजे क्लोझापिन आणि ओलान्झापिन. मेंदूतील हिस्टामाइन आणि सेरोटोनिन ही रसायने पेशींवर ज्या जागी जोडली जातात, त्यांपैकी काही जागा ती अडवतात, त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. मुलगा रात्री अकरा वाजता पुन्हा डबे उघडत असेल, तर त्याला खादाड किंवा आळशी म्हणू नये. ते बोलणे अन्यायाचे आहे, आणि याच बोलण्याला कंटाळून गोळ्या गुपचूप टाकून देणारी मुले मी पाहिली आहेत.

अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकार क्षेत्रांतील तज्ज्ञ संघटनांनी २००४ मध्येच सांगितले होते की, असे औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबीचे प्रमाण नोंदवावे, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला वजन करावे आणि बाराव्या आठवड्याला रक्ततपासणी पुन्हा करावी. पहिल्या महिन्यातच वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले, तर ते पुढेही बरेच वाढण्याची शक्यता असते. आपल्याकडे या तपासण्या झाल्या नसतील, तर आता करून घ्या. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका मानतात.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही डॉक्टरांच्या अखत्यारीतील आहेत. एक म्हणजे मूत्रपिंडाचे कार्य तपासून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध जोडणे. त्याने सरासरी तीनेक किलोंचा फरक पडतो, आणि ते लवकर सुरू केलेले बरे. दुसरा म्हणजे ॲरिपिप्राझोलसारख्या, वजन कमी वाढवणाऱ्या औषधाकडे हळूहळू वळणे. मात्र ज्या औषधाने आवाज थांबले ते सोडण्यात आजार उलटण्याची जोखीम असते, म्हणून हा निर्णय घाईने होऊ नये.

आता स्मरणाविषयी, आणि येथे मला आपले लक्ष चिठ्ठीतील दुसऱ्या गोळीकडे वेधायचे आहे. खिडकीशी येणारे नातेवाईक कापलेल्या पट्टीतील ती लहानशी गोळी दाखवून 'ही कशाची?' असे विचारतात आणि 'ताकदीची असेल' असे उत्तरही स्वतःच देतात. ट्रायहेक्सीफेनिडिल हे हातापायांचा ताठरपणा आणि थरथर कमी करण्यासाठी असते. असा त्रास ओलान्झापिनच्याच वर्गातील हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोनने अधिक होतो, ओलान्झापिनने तुलनेने कमी. मुलाला दाखल केले तेव्हा हॅलोपेरिडॉलची इंजेक्शने दिली असतील आणि त्यांच्यासोबत सुरू झालेली ही गोळी नंतर तशीच पुढे चालू राहिली असेल, तर ती आता लागते का, हे विचारणे अगदी रास्त आहे. स्मरणासाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतील रसायनाचे काम ती अडवते, त्यामुळे नवे काही ध्यानात ठेवणे जड जाते. तिने तोंडही कोरडे पडते, आणि ती कोरड भागवायला मुलगा दिवसभर शीतपेये किंवा गोड चहा घेत असेल, तर वजनातही तिचा हातभार आहे. त्याच्याजवळ साध्या पाण्याची बाटली ठेवा. क्लोनाझेपामनेही स्मरण आणि एकाग्रता मंदावते. ते किती काळ द्यायचे आहे हेही विचारा. या दोन्ही गोळ्या कमी करायच्या तर टप्प्याटप्प्यानेच, कारण क्लोनाझेपाम एकदम तोडल्यास झटकेही येऊ शकतात.

सगळा दोष गोळ्यांचाही नाही. पहिले मनोविकारविरोधी औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये वापरात आले. त्याच्या अर्धशतकाआधीच जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या रुग्णांच्या लक्ष आणि विचारशक्तीची घसरण नोंदवली होती. त्यामुळे दुसरी आणि तिसरी गोळी कमी झाली तरी थोडा मंदपणा उरू शकतो. तोवर त्याला एका बैठकीत वीस मिनिटांचाच अभ्यास द्या आणि या वर्षीच्या परीक्षेचा आग्रह धरू नका.

डॉक्टरांना प्रश्न विचारायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. पुढच्या भेटीला दर आठवड्याच्या वजनाची नोंद, आठ महिन्यांच्या सर्व चिठ्ठ्या आणि दाखल असतानाचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. मुलगा सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा, कारण धूम्रपानाने रक्तातील ओलान्झापिनचे प्रमाण घटते आणि सिगारेट अचानक सोडल्यास ते वाढून गुंगी येते. आणि त्याला एकाएकी फार तहान लागू लागली, वारंवार लघवी होऊ लागली, किंवा उलट्यांसह ग्लानी आली, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन साखर तपासून घ्या.