शंका-समाधान : टी-आरएनए एकटा का पुरत नाही?

प्रश्न : टी-आरएनए अमिनो आम्ल घेऊन रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर येतो, एवढंच शाळेत शिकलो. आता ईएफ-टीयू, ईएफ-टीएस, ईएफ-जी हे प्रथिनाची साखळी वाढवायला मदत करणारे घटक अभ्यासाला आहेत. टी-आरएनए काम करतोच, मग यांची गरज काय?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. अमिनो आम्लं एकमेकांना जोडणारा पेप्टाइड बंध हे घटक तयार करत नाहीत. ते काम रायबोसोमचा स्वतःचा आरएनए करतो. घटकांकडे निवड आणि वेळ सांभाळण्याचं काम आहे.

जिवाणूंचं पाहू. ईएफ-टीयू जीटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूसह अमिनो आम्ल लागलेल्या टी-आरएनएला धरतो. अमिनो आम्ल आणि टी-आरएनए यांतला बंध पाण्याने तुटू शकतो, तो ईएफ-टीयूच्या आडोशाला टिकतो. तिघं मिळून रायबोसोमच्या ए-स्थानी, म्हणजे नव्या टी-आरएनएच्या जागेत शिरतात. कोडॉन (संदेश आणणाऱ्या एम-आरएनएवरचा तीन अक्षरांचा शब्द) जुळला नाही तर बहुतेक वेळा तसेच बाहेर पडतात. जुळला की जीटीपीचं जीडीपी होतं, ईएफ-टीयूचा आकार बदलतो आणि तो सुटतो. त्यानंतरही टी-आरएनएला आत नीट बसायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात चुकीचा असेल तर गळून पडायची दुसरी संधी मिळते. समजा प्रत्येक चाळणीतून 100 पैकी एक चुकीचा सुटला, तर दोन्हींतून 10,000 पैकी एकच सुटेल. एका चाळणीवर हे भागत नाही, कारण एकाच अक्षराने चुकलेल्या जोडीत ऊर्जेचा फरक फार थोडा असतो. म्हणूनच हे जीटीपी खर्चणं वाया जात नाही. प्रयोगात जीटीपीऐवजी त्याच्यासारखाच पण न तुटणारा रेणू दिला, तर ईएफ-टीयू सुटत नाही, बंध होत नाही आणि सगळं तिथेच अडकतं.

सुटलेला ईएफ-टीयू जीडीपी सहजी सोडत नाही. ईएफ-टीएस तो सोडवतो, म्हणजे नवं जीटीपी बसतं. सेकंदाला 15 ते 20 अमिनो आम्लं जोडायची तर वाट पाहणं परवडत नाही.

बंध झाला की ईएफ-जी दुसरं जीटीपी खर्चून एम-आरएनए नेमका तीन अक्षरं पुढे सरकवतो. एक अक्षर कमी-जास्त झालं तर पुढचं सगळं वाचन चुकतं. त्वचेच्या काही मलमांतलं फ्युसिडिक आम्ल ईएफ-जीला रायबोसोमवरच अडकवून ठेवतं, आणि जिवाणूची प्रथिननिर्मिती थांबते.

प्रश्न : घटसर्पाचं विष याच प्रक्रियेवर घाव घालतं, असं ऐकलं. मग औषध द्यायला उशीर झाला तर काय होतं?
— एक पालक, कागल

उत्तर : खरं आहे. आपल्या पेशींत ईएफ-जीचं काम ईईएफ-2 करतो. त्याच्यातल्या डिप्थामाइड या खास जागी हे विष एडीपी-रायबोज नावाचा रासायनिक गट चिकटवतं, की तो घटक निकामी होतो. विष स्वतः विकर (न संपता तीच क्रिया पुन्हा पुन्हा घडवणारं प्रथिन) असल्याने एकामागून एक घटक बाद करत जातं. पेशी मारायला त्याचा एक रेणूही पुरू शकतो. औषध म्हणून दिलेलं प्रतिविष फक्त पेशीबाहेरच्या विषाला पकडतं, आत शिरलेल्याला नाही. म्हणून घशात करडा पडदा, सुजलेली मान, गिळायला त्रास असं दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. दाट संशय असेल तर डॉक्टर तपासणीच्या अहवालासाठी थांबत नाहीत.

लसीचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना, मग 16 ते 24 महिन्यांत, 5 ते 6 वर्षांत, आणि पुढे 10 व 16 व्या वर्षी. मधला एखादा हुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला घेऊन पुढे जायचं.